पक्कं घर तापू नये म्हणून

मे महिन्यातली रात्र. साडेदहा वाजून गेले होते. पंचवटीतल्या एका वस्तीत ओआरएसची पाकिटं वाटून आम्ही परत निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी एक मावशी नव्याकोऱ्या घराच्या ओट्यावर गोधडी टाकून बसल्या होत्या. घराला रंग लागून वर्षही झालं नव्हतं. आत चकचकीत फरशी, समोरच्या भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, डोक्यावर पंखा गरगर फिरतोय, आणि घरात माणूस कोणी नाही. सगळे बाहेर.

"मावशी, आत पंखा चालू आहे ना?"

"बाळा, आत जा आणि वर हात लावून बघ."

स्टुलावर चढून आम्ही स्लॅबला हात लावला. चूल विझवल्यावर ओटा जसा ऊब धरून राहतो, तशी ती स्लॅब होती. मावशी म्हणाल्या, "पत्रा होता तेव्हा दुपारी जीव जायचा. पण दिवस बुडाला की तासाभरात पत्रा गार. ह्याला रात्रीचे दोन वाजले तरी गार होणं नाही. बारा वर्षं वाट पाहिली ह्या घराची."

त्या रात्रीपासून हा विषय आमच्या डोक्यात आहे. आपल्या वस्त्यांमध्ये सध्या घरं बांधली जात आहेत. कुणाला रमाई आवासचं अनुदान मंजूर झालंय, कुणी पंतप्रधान आवासमध्ये आहे, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढून पत्रा काढतोय आणि स्लॅब टाकतोय. कुठे पुनर्वसनाच्या इमारतीची बोलणी चालू आहेत. घर आयुष्यात एकदाच बांधलं जातं. स्लॅब एकदा पडली की पुढची चाळीस वर्षं ती जशी आहे तशीच राहते. म्हणून जे काही विचारायचं, भांडायचं, बदलायचं, ते सेन्ट्रिंग लागण्याच्या आधी.

मावशींचं निरीक्षण बरोबर होतं. पत्रा पातळ असतो. तो लवकर तापतो आणि सूर्य मावळला की उघड्या आकाशाकडे उष्णता फेकून लवकर निवतो. चार-पाच इंचाची काँक्रीटची स्लॅब मात्र दिवसभर ऊन पिते आणि ते खालच्या खोलीत सोडायला तिला संध्याकाळ उजाडते. आपण कामावरून दमून घरी येतो, स्वयंपाक होतो, लेकरं झोपायला येतात, नेमकी तीच तिची उष्णता ओकायची वेळ. पंखा मग त्याच तापलेल्या हवेला ढवळत बसतो.

रात्रीची झोप नीट न होणं ही साधी कुरकुर नाही. दिवसभर उन्हात गवंडीकाम, हमाली, सफाईचं काम केलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी उष्माघाताचा धोका वाढतो. म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, गरोदर बाया, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मधुमेहाचे रुग्ण, यांना हे जास्त बाधतं. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा शरीराला थंड करत नाही, उलट गरम हवा अंगावर मारतो. जागतिक आरोग्य संघटनेने तसं सांगितलेलं आहे. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसणं, पाणी पिणं आणि सावलीच्या मोकळ्या जागी जाणं हाच उपाय. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलंय पण घाम थांबलाय, शुद्ध हरपतेय असं दिसलं तर वाट पाहू नका. अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता घराकडे वळू.

"ऊर्जा कार्यक्षम इमारत" हा शब्द वर्तमानपत्रात येतो तेव्हा काचेच्या उंच इमारती आणि एसीचा खर्च डोळ्यांसमोर येतो. तो आपला विषय नाही असं वाटतं. आमचं मत उलट आहे. ज्याच्याकडे एसी आहे त्याच्या घराची रचना चुकली तर त्याचं बिल वाढतं. आपल्या घराची रचना चुकली तर माणूस आजारी पडतो. वीज वाचवणारं घर म्हणजे मुळात वीज नसतानाही राहता येईल असं घर, आणि लोडशेडिंग पाहिलेल्या आपल्या पिढीला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बाबासाहेबांनी विजेचा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा वीजधोरणाचं कामही त्यांच्याकडे होतं. वीज मुबलक आणि स्वस्त असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आपल्याला नाशिकरोडवरून दिसतात, वीज गल्लोगल्ली पोहोचली, पण ती स्वस्त राहिली असं कोणी म्हणणार नाही.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या घराची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. १९१२ ते १९३४ पर्यंत ते परळच्या बीआयटी चाळीत राहिले, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांमध्ये. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मेली, आणि कोंदट, अंधाऱ्या घरांचा रोगाशी संबंध आहे हे सरकारला मान्य करावं लागलं. त्यातून १८९८ मध्ये हा ट्रस्ट निघाला. ट्रस्टचा कारभार काही गोड नव्हता. त्याने हजारो गरिबांची घरं पाडली आणि त्या मानाने फार थोडी बांधली. पण त्याच्याच अधिकाऱ्यांनी, त्यात जे. पी. ऑर यांचं नाव येतं, एक नियम पुढे रेटला. त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणत. त्याचा सोपा अर्थ असा की समोरची इमारत जेवढी उंच असेल, निदान त्याच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं पाहिजे. म्हणजे तळमजल्याच्या खिडकीलाही आकाशाचा तुकडा दिसतो.

हा नियम लक्षात ठेवा आणि आता मुंबईतच, शंभर वर्षं पुढे, मानखुर्द-गोवंडीला चला.

रेल्वे रुळांच्या कडेची आणि रस्त्यांच्या कामात आलेली झोपडपट्टी उठवून लोकांना तिथे लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये पक्की घरं दिली. सात-आठ मजली इमारतींच्या रांगा, आणि दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. ऑरसाहेबांच्या हिशेबाने ते दहा-अकरा मीटर हवं होतं. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांना सोबत घेऊन तिथे अभ्यास केला. चार हजारांहून जास्त घरांची पाहणी झाली. शेजारची जुनी, मोकळी बांधलेली पीएमजीपी वसाहतही त्यांनी तुलनेला घेतली. दाटीच्या दोन वसाहतींत शंभर घरांमागे आठ ते दहा घरांत क्षयरोग सापडला. पीएमजीपीमध्ये शंभरात सुमारे एक. खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा मिळत नाही, आणि तिथेच रोग ठाण मांडतो, असं त्यातून पुढे आलं. २०१८ मध्ये हे निष्कर्ष वर्तमानपत्रांतूनही आले होते.

कारण समजायला अवघड नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगत राहतात. खिडकीतून वारा वाहता असला की ते पातळ होऊन बाहेर जातात. सूर्यप्रकाशात ते मरतात. वारा नाही, ऊन नाही, तर एका माणसाचा क्षय घरभर होतो. अशा घरांत दिवसाही दिवे लावावे लागतात. म्हणजे बिलही तेच घर वाढवतं आणि आजारही तेच घर देतं. झोपडी कच्ची होती, पण तिच्या फटींतून वारा तरी यायचा. पक्क्या घराने फटी बुजवल्या आणि खिडकी दिली नाही, तर पक्केपणाचा फायदा कोणाला झाला?

म्हणून तुमच्या वस्तीत पुनर्वसनाची किंवा घरकुलाची इमारत येणार असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी नकाशा मागा. नाशिकलाही चुंचाळे, वडाळा, शिवाजीवाडी अशा ठिकाणी घरकुलं झाली आहेत. तिथे राहणारे आपले नातेवाईक असतील, त्यांच्याकडे जाऊन मे महिन्यात दोन रात्री काढा, मग नकाशा बघा. आपल्या बैठकीत चटई क्षेत्र किती, पार्किंग कोणाला, यावर तास जातो. इमारतींमध्ये अंतर किती, हे कोणी विचारत नाही. मोरी-संडासाची खिडकी बाहेर उघडते की बंद डक्टमध्ये, मधल्या जिन्यात आणि पॅसेजमध्ये दिवसा उजेड येतो का, शेवटच्या मजल्यावरच्या स्लॅबवर उष्णतेसाठी काय करणार, भिंती कशाच्या, हे लेखी विचारा. भिंतींचा प्रश्न नवा आहे. हल्ली लवकर काम उरकावं म्हणून ॲल्युमिनियमच्या साच्यात संपूर्ण भिंतच काँक्रीटची ओततात. त्याला सगळे 'मिव्हान' म्हणतात. काम झपाट्याने होतं, भिंत मजबूत होते, गळतीही कमी. पण काँक्रीट विटेपेक्षा दुप्पट वेगाने उष्णता आत घेतं. अशा इमारतीत पश्चिमेच्या भिंतीला सावली नसेल तर संध्याकाळी ती भिंत म्हणजे उभी स्लॅबच.

हे दुसऱ्या पद्धतीने करता येतं, याचं उदाहरण गुजरातेत राजकोटला आहे. तिथल्या महापालिकेने 'स्मार्ट घर ३' नावाच्या योजनेत पंतप्रधान आवासची ११७६ घरं बांधली. भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातल्या तज्ज्ञांनी आराखडा बनवतानाच उन्हाचा विचार केला. भिंतींना हलके ब्लॉक, खिडक्यांना बाहेरून सावली देणारी झडपं, आणि आतली गरम हवा वर ओढून नेणारा उभा डक्ट. राजकोटचा उन्हाळा नाशिकपेक्षा कडक. तिथे गरिबांच्या योजनेत हे बसलं, तर इथे बसत नाही असं म्हणण्याला अर्थ नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली, त्यात राहत्या इमारतींची भिंत, छत आणि खिडक्या किती उष्णता आत घेऊ शकतात याची मर्यादा दिली आहे. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आहे, म्हणजे आपल्या एकट्या घराला नाही, पण पुनर्वसनाच्या बहुतेक इमारतींना तिचं नाव घेऊन प्रश्न विचारता येतो. नाव पाठ करून ठेवा. बैठकीत उपयोगी पडतं.

आता ज्यांचं स्वतःचं घर, स्वतःचा गवंडी, त्यांच्यासाठी. रमाई आवासचं घर २६९ चौरस फुटांचं धरलेलं असतं. एवढ्या जागेत एक चूकसुद्धा मोठी होते, पण एक चांगला निर्णयही लगेच जाणवतो.

आधी सूर्य कुठून कुठे जातो ते बघा. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे भर उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छत खातं. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा फारसं ऊन लागतच नाही. लागतं ते सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्यात ती सावलीत राहते आणि डिसेंबरात ऊन घरात येतं. नाशिकच्या थंडीत म्हाताऱ्यांना ते ऊन औषधासारखं असतं. वास्तुशास्त्रवाला दक्षिणेची खिडकी नको म्हणेल. त्याला सूर्याचा हा हिशेब विचारा.

पश्चिमेची बाजू अवघड. ऊन तिथूनच, आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यात वाराही बहुतेक तिथूनच. शक्य असेल तर पश्चिमेला जिना, मोरी, संडास, कपाट घ्या, म्हणजे राहत्या खोलीला ढाल मिळते. खिडकी ठेवायचीच तर बाहेरून सावली द्या. आतला पडदा उपयोगाचा नाही, कारण काचेतून ऊन आत आलं की उष्णता आतच राहते. बाहेर बांबूची चटई, गोणपाट किंवा शेडनेट टांगली तर ऊन बाहेरच अडतं.

सगळ्यात जास्त पैसा आणि लक्ष छताला द्या. स्लॅब टाकल्यावर गच्चीवर नुसता सिमेंटचा कोबा करून काळपट सोडून देतात, तिथेच घोटाळा होतो. वॉटरप्रूफिंगसाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा करतातच, त्याच्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करून घ्या. टाइल्सच्या दुकानात फुटका माल स्वस्त मिळतो. पांढरा रंग ऊन परत फेकतो, खालचा कोबा थोडं अडवतो. कोब्याचं वजन पडतं, म्हणून स्लॅबची जाडी आणि सळई ठरवतानाच इंजिनिअरला सांगा, नंतर नाही. एवढं जमत नसेल तर कूल रूफचा पांढरा रंग लावा. डब्यावर 'एसआरआय' नावाचा आकडा असतो. तो शंभराच्या आसपास असलेला घ्या. तेही जमत नसेल तर चुना. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक किंवा फेविकॉल घालून स्वच्छ धुतलेल्या गच्चीवर दोन-तीन हात मारायचे. पावसात तो धुऊन जातो, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा लावावा लागतो. पांढऱ्या छताने खोलीतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरल्याचा अनुभव अहमदाबादसह बऱ्याच ठिकाणी आहे. चुना हाताळताना डोळे सांभाळा. डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

पत्र्याच्या घरालाही हा पांढरा रंग चालतो, पण सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर चढू नका. तो पायाखाली फुटतो, आणि कापताना-फोडताना त्यातली ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते. काढायचाच असेल तर पाण्याने ओला करून, अखंड उतरवा. थर्माकोलचं छत मात्र कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. आपल्या खोलीत गॅस, देवळीतला दिवा, मोबाईलचा चार्जर सगळं जवळजवळ असतं. थर्माकोल पेटलं की विझवायला वेळ मिळत नाही.

आणि नाशिककरांना फुकटात माहीत असलेली एक गोष्ट. भाजीच्या रोपवाटिकेवर आणि बागांवर शेतकरी शेडनेट लावतात. तीच नेट गच्चीवर बांबू रोवून दोन-तीन फूट उंचावर ताणली तर स्लॅबला थेट ऊन लागत नाही आणि मधून वारा खेळतो. उन्हाळा संपला की गुंडाळून ठेवायची. एप्रिलच्या वादळी वाऱ्यात उडू नये म्हणून चारही कोपरे पक्के बांधा.

भिंतीसाठी लाल वीट, राखेची वीट की ब्लॉक, हा वाद गवंड्यांमध्ये कायम असतो. राखेची वीट औष्णिक केंद्राच्या राखेतून होते, माती वाचते, आकार सरळ असल्याने गिलावा कमी लागतो, पण उष्णतेत लाल विटेपेक्षा फार फरक नाही. ज्याला लोक सिपोरेक्स म्हणतात तो हलका ब्लॉक मात्र उष्णता विटेच्या सुमारे एक चतुर्थांशच आत सोडतो. सगळं घर त्याचं करणं परवडत नसेल तर निदान पश्चिमेची भिंत त्याची करा. त्यात खिळा धरत नाही, भांड्यांची फळी लावायला लांब फास्टनर लागतो. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर बायका गवंड्याच्या नावाने खडे फोडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

खिडकीवर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश ते एक षष्ठांश एवढी उघडी जागा खिडक्या-झरोक्यांची हवी, हवामानाप्रमाणे. २६९ चौरस फुटांच्या घराला ती २७ ते ४५ चौरस फूट होते. आपल्याकडे एक चार बाय तीनची सरकती खिडकी लावतात आणि काम झालं म्हणतात. सरकती खिडकी अर्धीच उघडते. बारा फुटांची खिडकी घेतली आणि वारा सहा फुटांचा मिळाला. पल्ल्याची, पूर्ण उघडणारी खिडकी घ्या. आणि एका खिडकीने वारा येत नाही, त्याला बाहेर जायला समोर किंवा वर दुसरी वाट लागते.

वस्तीत तीन बाजूंना शेजाऱ्याची भिंत असते, हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा वाट छतातून काढायची. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना छतात सानं असायचं, त्यातून धूरही जायचा आणि उजेडही यायचा. तसंच स्लॅब टाकताना दीड-दोन फुटांची चौकोनी जागा सोडून, तिच्यावर दोन फूट उंच कठडा बांधून, बाजूंना जाळी आणि वर झाकण करा. गरम हवा आपोआप वर जाऊन निघून जाते. पाऊस आत येत नाही. ही जागा नकाशातच दाखवा, कारण टाकलेली स्लॅब नंतर फोडणं धोक्याचं.

खिडक्या असल्या तरी त्या रात्री बंद असतात, ही खरी अडचण. चोरी, डास, उंदीर, आणि बायकांना नको असलेल्या नजरा. म्हणून दाराच्या वर, छताच्या खाली फूटभर उंचीचे झरोके ठेवा, त्यांना लोखंडी गज आणि डासांची जाळी लावा. ते रात्रभर उघडे राहू शकतात. नाशिकच्या रात्री मे महिन्यातही बऱ्यापैकी उतरतात. ती रात्रीची गार हवा आत आली तर सकाळपर्यंत भिंती निवतात. मग सकाळी दहाला उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद, संध्याकाळी सगळ्या उघड्या. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एक झरोका वर वाफेसाठी आणि एक जाळी जमिनीलगत, कारण गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो.

खिडकीला जाळी हवी, हे काही आजचं शहाणपण नाही. विनयपिटकात चुल्लवग्गामध्ये भिक्खूंच्या विहारांना तीन प्रकारच्या खिडक्यांची अनुमती आहे: कठड्याची, जाळीची आणि गजांची. त्या खिडक्यांतून वटवाघळं आणि खारी आत येऊ लागल्या, तेव्हा पडदा आणि पुढे झडप लावायलाही परवानगी मिळाली. अडचण आली, उपाय केला, इतकं साधं. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत उन्हाळ्यात गेलात तर हेच अंगाला जाणवतं. डोंगराच्या उत्तर अंगाला कोरलेली लेणी, पुढे खांबांची ओसरी, मग आत खोल्या. दुपारचं ऊन ओसरीवरच थांबतं. जवळच पाण्याच्या पोढ्या. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात उषवदाताने लेण्यासोबत पोढ्याही करून दिल्याची नोंद आहे. पुढच्या पौर्णिमेला लेकरांना घेऊन जाल तेव्हा त्यांना बाहेरच्या कातळाला आणि आतल्या भिंतीला हात लावायला सांगा.

बिलाचं थोडक्यात. जुना पंखा ७०-७५ वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात. महावितरणचा दर शंभर युनिटांच्या पुढे चढतो, त्यामुळे दोन पंखे बदलले तर कित्येक घरं खालच्या टप्प्यात येतात. वायरिंग नवं करताना अर्थिंग घालाच, कूलरच्या शॉकने माणसं दगावतात. गच्ची स्वतःची आणि मीटर स्वतःच्या नावावर असेल तर पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटच्या सोलरला ३० हजार रुपये अनुदान आहे. त्याला शंभरेक चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट मिळतात. पॅनलच्या खालची स्लॅब सावलीत राहते, हा वरचा फायदा. ज्यांच्या जागेचाच प्रश्न सुटलेला नाही त्यांच्यासाठी ही योजना आज कागदावरच आहे, हे आम्ही जाणतो.

एक सूचना विहार समित्यांना. बऱ्याच वस्त्यांत विहाराचं नवं बांधकाम चालू आहे किंवा वर्गणी गोळा होतेय. घुमटावर आणि ग्रॅनाइटवर खर्च करण्याआधी छत पांढरं करा, समोरासमोर मोठ्या खिडक्या ठेवा, उंच झरोके ठेवा, पुढे ओसरी काढा, पाण्याचे माठ ठेवायला जागा करा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते चार विहार उघडं राहिलं तर म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं तिथे बसतील.

मावशींच्या घरी आम्ही यंदा फेब्रुवारीत पुन्हा गेलो. स्लॅब फोडून सानं काढणं शक्य नव्हतं, खिडकी मोठी करायला शेजाऱ्याची भिंत आड येत होती. पोरांनी गच्ची घासून चुन्याचे तीन हात दिले, नातवाने कुठल्याशा नर्सरीतून जुनी शेडनेट आणली, दाराच्या वरचं वीटकाम काढून फूटभर उंचीचा जाळीचा झरोका बसवला. खर्च मावशींनी वहीत लिहून ठेवला होता, मोठा आकडा सुतळी आणि बांबूचा. मेमध्ये त्यांनी निरोप पाठवला: दुपारी अजून तापतं, पण रात्री अकरानंतर आत झोपता येतं. गोधडी मात्र ओट्यावर ठेवलेली आहे, लाईट गेली तर लागते म्हणून.